मोगऱ्याला सलाईन

९ फेब्रुवारी, रविवार

सुगत आज बंगळुरूला गेला. मानकोलीच्या गोदामातून कंपनीने महिन्याच्या ट्रेनिंगला एकट्या माझ्या मुलाला निवडलं, याचा मला अभिमान आहे. पण निघताना आईचा निरोप अर्ध्या मिनिटात उरकला आणि माशांसमोर मात्र काचेला नाक लावून उभा राहिला, त्याचा नाही.

हॉलमध्ये पूर्वी शोकेस होती, तिथे आता त्याची काचेची टाकी आहे. खाऱ्या पाण्याची. म्हणजे नळाच्या पाण्यात मीठ कालवून घरी केलेला समुद्र. आत दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे, बोटाएवढे. मासा म्हटला की मला कढई दिसते. हे दोघं कढईत घातले तर तेलाचाही खर्च निघायचा नाही.

तर हे दोन पेशंट महिनाभर माझ्या ताब्यात. सुगतने टाकीवर सूचना चिकटवून ठेवल्या आहेत. सबंध आयुष्य सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या बाईला सूचना! डिसेंबरात रिटायर झाले म्हणून अक्कल पण जमा करून घेतली नाही त्यांनी.

अजून सकाळी ड्युटीच्या वेळेला जाग येते. उठून केस विंचरते आणि मग आठवतं की कुठे जायचं नाही. मग गच्चीवर जाते. तिथे माझ्या कुंड्या आहेत. मोगरा, गुलाब, मिरच्या, कढीपत्ता, सगळा वॉर्ड भरलेला. राउंड घेते, पानं तपासते, रागावते. ती गच्ची नसती तर मी दिवसभर काय केलं असतं, या विचाराला मी घरात घेत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

टाकीला एक यंत्र आहे. ते पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढतं आणि एका कपात साठवतं. आज तो कप भरला. आत काळपट हिरवा काढा. माशांची घाण, उरलेलं खाणं, सगळ्याचा अर्क. सुगतला फोन केला.

"आई, नाक दाबून धर आणि बेसिनमध्ये ओत. भयंकर वास येतो त्याला."

मला काही आला नाही. कोविडच्या वॉर्डात ड्युटी केली तेव्हापासून माझं नाक संपावर आहे. अगदीच येत नाही असं नाही, उदबत्ती पेटवून नाकाशी धरली तर धूर कळतो. हे मी कुणाला सांगत बसत नाही. लोक उगाच हळहळतात.

पण बेसिनमध्ये ओतायचं म्हणजे काय? आमच्या घरात फेकायची पद्धत नाही. चहाचा चोथा गुलाबाला, तांदळाचं धुवण मिरचीला आणि मासळी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. माझी आई बोंबील धुतलेलं पाणी ओतायची तर कढीपत्ता छपरापर्यंत गेला होता. इथे तर मासे चोवीस तास धुतलेच जातायत!

अडचण एकच, मीठ. त्याचाच विचार करत भेंडी चिरत होते आणि एकदम सुरी खाली ठेवली. सलाईन! वॉर्डात कोमेजून आलेला माणूस मिठाच्या पाण्यावर तासाभरात उठून बसतो आणि चहा मागतो. असे मी किती उठवले असतील. मग झाडांनी काय घोडं मारलंय? पाणी तेवढं पातळ करायला हवं. टाकीचं एक मग, नळाचे तीन मग, झालं सलाईन. त्यात हा काढा घातला की औषध आणि अन्न एकाच बाटलीत.

इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला कशी सुचली नाही, याचं मला नवल वाटतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मेडिकलमधून ड्रिप सेट आणले. दुकानदाराने काळजीने विचारलं, घरात कोण आजारी आहे? म्हटलं, मोगरा.

गच्चीवर बांबू बांधले, कोल्ड्रिंकच्या बाटल्या उलट्या टांगल्या, नळ्या कुंड्यांत सोडल्या. थेंब थेंब पडायला लागलं तेव्हा इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. किती दिवसांनी वॉर्ड चालू झाला होता.

चौथ्या मजल्यावरचे सावळाराम नेहमीप्रमाणे तिथेच होते. राहनाळला यांची शेती होती. तिथे आता गोदामं उभी आहेत आणि भाडं घरी चालत येतं. मुलं मोठ्या गाड्या फिरवतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. हे गच्चीवर निळ्या पिंपात लावलेल्या नारळाशेजारी स्टूल टाकून बसतात आणि त्याच्याशी गप्पा मारतात. पिंपातल्या नारळाला यंदा नारळ धरणार, असं त्यांचं म्हणणं आहे. माणूस स्वभावाने चांगला, पण डोक्याने हा असा.

"शिस्टर, झाडं आजारी हायेत काय?"

"अशक्त आहेत. सलाईन लावलंय."

"कंचं सलाईन?" म्हणत ते जवळ आले आणि लगेच चार पावलं मागे जाऊन टॉवेल नाकाला लावला. हवा गार आहे, या वयात छातीला जपलेलं बरं. मी सगळी कृती समजावून सांगितली.

"खारं पानी?" टॉवेलातूनच म्हणाले. "शिस्टर, खाडीचा बांध फुटून आमच्या शेतान खारं पानी शिरलं ना, का दोन-तीन वर्सं भात व्हत नसं."

"तुमच्या खाडीला डोस मोजून द्यायला कुणी होतं का?"

त्यावर ते म्हणाले, "येक काम करा. ह्ये समदं माझ्या नारलाला घाला. नारलाला मीठ लागतंच. तुमच्या कुंड्यांना नका घालू."

अस्सं! फुकटचं खत एकट्याच्या नारळाला हवं. मी शेजारधर्म म्हणून एक लोटा दिला. बाकीचा काढा बरण्यांत भरून बाल्कनीत उन्हात ठेवला आहे. लोणचं मुरतं तसं हेही मुरू दे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बिल्डिंगमध्ये सर्दीची साथ आली आहे. ज्याला बघावं त्याच्या नाकाला रुमाल. दुसऱ्या मजल्यावरची निशा तर जिन्यात मला बघून श्वास धरूनच पळाली. मी तिच्या मागोमाग जाऊन वाफ घ्यायला लावली. डोळ्यांतून पाणी येत होतं बिचारीच्या. मी वाकून डोक्यावरचा टॉवेल नीट केला तेव्हा जास्तच यायला लागलं.

एक मात्र छान वाटलं. मी लिफ्टमध्ये शिरले की आतली माणसं बाहेर पडतात आणि म्हणतात, "तुम्ही जा सिस्टर, आम्ही मागून येतो." रिटायर झाल्यावरही एवढा मान ठेवणारी माणसं आजकाल कुठे मिळतात?

२२ फेब्रुवारी, शनिवार

मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या. गुलाबाने माना टाकल्या. घाबरायचं कारण नाही. औषध लागू पडताना पेशंट कधीकधी आधी खाली जातो. डोस दुप्पट केला.

बिल्डिंगच्या ग्रुपवर वेगळाच गोंधळ चालू आहे. कुठून तरी भयंकर वास येतोय म्हणे. कुणी म्हणतं उंदीर मेला, कुणी म्हणतं गटार तुंबलं. सेक्रेटरी भाविकने वास शोधायला कमिटी नेमायचं ठरवलं. पोरगा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो, त्याला तपासणी म्हणजे काय ते कुठून कळणार? मी स्वतःहून प्रमुख झाले. भाविक म्हणाला, "तुम्ही, सिस्टर?" म्हटलं, हो, मीच. त्याला इतका आनंद झाला की तोंडातून शब्द फुटेना.

प्लंबरला बोलावलं. त्याने सगळे पाइप तपासले आणि माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "आंटी, लाइन तो एकदम साफ है. बू तो आपके घर से आ रही है."

काम टाळायला ही माणसं काय वाट्टेल ते बोलतात. परत पाठवला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चोर सापडला!

गच्चीवर सावळारामच्या नारळामागे टोपलीत सुकट वाळत घातलेली दिसली. एवढीशी ती कोळंबी, पण वाळली की डांगोरा पिटते. मी कमिटीसमोर टोपलीत तोंड घालून लांब श्वास घेतला आणि सांगितलं, "हाच तो वास."

खरं लिहायचं तर मला काहीच कळलं नाही. पण एवढ्या सगळ्यांना वास येतोय आणि सुकट समोर आहे, म्हणजे तो तोच असणार. कमिटीतले बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. पुरावा समोर दिसतो तरी बोलायची हिंमत नाही लोकांत.

सावळारामनी टोपली उचलली आणि खाली घेऊन गेले.

२ मार्च, रविवार

आज पार्किंगमध्ये मीटिंग झाली. भाविक खाली मान घालून म्हणाला, "असं करू, गच्चीला कुलूप लावू. सगळ्यांच्याच कुंड्या काढायच्या. म्हणजे कुणा एकाचं नाव घ्यायला नको."

गच्ची गेली तर सकाळी उठून मी जायचं कुठे? टीव्हीसमोर? मी ताडकन उठले आणि सगळ्यांदेखत सुकटीचं प्रकरण मांडलं. एकाने केलं म्हणून सगळ्यांना शिक्षा का, असंही विचारलं. कुणी माझ्याकडे बघेना.

मग सावळाराम उभे राहिले.

"वास माझाच हाय," म्हणाले. "सुकट माझी. नारलाला खत म्हून मच्छीचा कुटा घातलाय, तोपन माझाच. माझं पिंप मी खाली नेतो. शिस्टरच्या झाडांना कोनी हात लावायचा न्हाय."

कबुलीजबाब! भाविक "बरं, बघू मग" म्हणाला आणि मीटिंग संपली. मी जिंकले. घरी येऊन बांगड्याचं कालवण केलं, पण घास गोड लागला नाही. मासा शिळा असेल.

५ मार्च, बुधवार

सावळारामांच्या गोदामातली माणसं आली, पिंप दोरखंडाने बांधलं आणि जिन्यावरून एकेक पायरी उतरवत नेलं. नारळाला नवा कोंब आला होता, हिरवागार. गच्चीवर तेवढंच एक हिरवं उरलं होतं. मोगरा गेला. गुलाब गेले. कढीपत्त्याची नुसती काडी उभी आहे. नळ्या लावलेल्या आहेत, थेंब पडतायत, आणि पेशंट एकामागून एक जातायत. माझं काय चुकतंय ते कळत नाही. वॉर्डात असं झालं असतं तर मी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं असतं. इथे कुणाला बोलावू?

सावळाराम स्टूल काखेत मारून निघाले. दारात थांबून म्हणाले, "गच्चीवर एकट्या पडाल आता. जपून ऱ्हावा."

मी नळीचे थेंब मोजत राहिले. गुन्हेगाराशी काय बोलायचं? पण ते गेल्यावर जिकडे पिंप होतं तिकडे बघवेना.

७ मार्च, शुक्रवार

सुकट गेली, पिंप गेलं, वास जागच्या जागी! भाविकने ग्रुपवर लिहिलं आहे की रविवारी परत मीटिंग आणि त्यानंतर कुलूप. कमिटीची प्रमुख म्हणून मला मान खाली घालायची वेळ आली. म्हणजे वास सुकटीचा नव्हता? मग सावळारामनी 'माझाच' असं का सांगितलं? न केलेला गुन्हा अंगावर घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

८ मार्च, शनिवार

सुगत आला. दार उघडलं, त्याने एक श्वास घेतला आणि बॅग हातातून पडली.

"आई, घरात कोण मेलंय?"

म्हटलं, आल्या आल्या काय अभद्र बोलतोस! तो धावत माशांपाशी गेला. मासे ठणठणीत होते, उलट जाड झालेत. मग बाल्कनीत गेला. तिथे माझ्या अकरा बरण्या मुरत होत्या. त्याने एकीचं झाकण उघडलं आणि थेट बेसिनकडे पळाला.

तोंड धुऊन परत आला तेव्हा डोळे लाल. "आई, तुला खरंच वास येत नाही? अजिबात?"

"नाही."

"कधीपासून?"

"वॉर्डापासून."

तो जमिनीवरच बसला आणि माझा हात धरून ठेवला. मग झाडांचं सांगितलं. माणसाचं सलाईन झाडाला विषच असतं, मीठ मातीत साचत जातं आणि मुळांना पाणीच ओढता येत नाही. म्हणजे ती तहानेने गेली. मी रोज पाणी पाजत होते आणि ती तहानेने गेली.

त्यानंतर एकेक उलगडत गेलं. रुमाल. लिफ्ट. निशा. तो प्लंबर खरं तेच बोलत होता. सगळ्या बिल्डिंगला सर्दी झाली म्हणत मी निशाला वाफ घ्यायला लावली! आणि सावळाराम. ते रोज टॉवेल लावून माझ्याच वासात बसत होते, आणि भर मीटिंगमध्ये उठून म्हणाले की वास माझा आहे.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रडले. टाकीतले दोघं काचेपाशी येऊन बघत होते, त्यांनाही ओरडले की तिकडे तोंड करा.

९ मार्च, रविवार

मीटिंग सुरू व्हायच्या आधीच उभी राहिले. "वास माझा आहे," म्हटलं. "सावळारामभाऊंचा नव्हता. मला नाकाने काही कळत नाही. मी सगळ्यांची माफी मागते. गच्चीला कुलूप लावा, पण त्यांचं पिंप वर आणू द्या."

भाविक म्हणाला, "सिस्टर, आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळंच. वासाचं पण आणि तुमच्या नाकाचं पण. तुमचं दूध करपलं की आमच्यापैकी कुणीतरी साखर मागायला येतं आणि जाता जाता गॅस बंद करतं ना?"

मी खुर्ची ओढून बसले. मी आजवर या बिल्डिंगला साखरेचं नियोजन जमत नाही म्हणून नावं ठेवत आले.

"मग तोंडावर सांगायचं होतंत!"

"कुठल्या तोंडाने?" भाविक म्हणाला. "माझे पप्पा वॉर्डात होते तेव्हा तुम्ही ड्युटी संपल्यावरही त्यांच्या उशाशी बसायचात. तिथेच तुमचं नाक गेलं. आणि आता आम्ही येऊन सांगायचं की तुमचा वास येतो?"

निशाने पाण्याची बाटली पुढे केली आणि या वेळी श्वास न धरता माझ्याशेजारी बसली.

शेवटी ठराव झाला. टाकीचं खारं पाणी गटारात. बरण्या राहनाळला, सावळारामांच्या गोदामांमागे नारळांची रांग आहे तिथे. सावळारामांचं पिंप वर. गच्ची उघडी राहील, पण एका अटीवर. माझ्या घराचा आणि कुंड्यांचा वास रोज सकाळी कुणीतरी येऊन घ्यायचा. भाविकने विचारलं, कोण तयार आहे? सगळे छताकडे बघायला लागले.

सावळारामनी हात वर केला.

वर येताना जिन्यात त्यांना गाठलंच. "खोटं का बोललात? सगळ्यांसमोर मी तुम्हाला चोर ठरवलं."

"माझं पिंप खाली आलं तरी नारल जगतो," म्हणाले. "तुमची गच्ची गेली असती तर तुमी काय केलं असतं?"

२३ मार्च, रविवार

मेलेल्या कुंड्यांतली माती काढून नवी भरली. निशाने मिरचीची रोपं दिली. बरण्यांचं काम झालं. राहनाळचे नारळ जोरात आहेत, आणि गोदामावर येणारे ट्रकवाले आता माल झटपट उतरवून पळ काढतात, त्यामुळे सावळारामांची मुलंही खूश आहेत. टाकीत एक हिरवं शेवाळ वाढतं, ते मी गोड्या पाण्यात चांगलं खळबळून धुऊन पाचोळ्यात कुजवते आहे. सुगत म्हणाला, त्याचं खत चालेल. फेकायचं नाही म्हणजे नाही.

तपासणी नियमित चालू आहे. सावळाराम सकाळी चहाच्या वेळेला येतात. हॉलमध्ये एक श्वास, टाकीपाशी एक, बाल्कनीत एक. मग बसून चहा घेतात आणि निकाल देतात. पहिल्या आठवड्यात "बरा हाय" एवढाच निकाल असायचा. आता जरा गडबड व्हायला लागली आहे. सकाळचा वास नीट कळला नाही म्हणून संध्याकाळीही यावं लागतं. काल तर भाविकने सांगितलं की तक्रार कसलीच नाही, तपासणी आता बंद केली तरी चालेल. हे म्हणाले, घाई नको.

आज येताना सोनचाफ्याचं रोप घेऊन आले. त्याला एक फूल होतं. मी विचारलं, वास कसा आहे हो? फूल हातात धरून बसून राहिले, चहा गार होईपर्यंत. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "असा येका दिवसान सांगता यायचा न्हाय, शिस्टर. रोज यायला लागंल."

आता बोला! सोनचाफ्याचा वास ज्याला ओळखता येत नाही, त्याला आम्ही बिल्डिंगचं नाक केलं. उद्या आले की आधी त्यांनाच वाफ देते.